मिरचीले हात न लावणारी

माझं नाव कुसुम. माहेर माझं वडशाच्या पलीकडं, तवा तिथून पायी दोन तास लागे, आता ऑटो जाते. बाप माझा धानाच्या गिरणीत बोरे उचले, माय लोकाइच्या बांधीत धान रोवाले जाये, आमी पाच बहिणी, भाऊ नाई. पाच पोरी झाल्या म्हणून बापानं कधी आमाले बोल लावला नाई, पण पाचवीचं लग्न झालं अन् तो खाटेवर बसला तो बसलाच. मी तिसरी. मले इथी दिली, सावली तालुक्यात, माणूस गरीब होता पण चांगला होता, दारू नाई, मारझोड नाई, बोलणंही नाई. पन्नासेक वर्षं संसार केला, चार गोष्टी तो माझ्यासंग धड बोलला नसन. आता तोही नाई. तीन साल झाले.

लेकरू आमाले झालं नाई. गडचिरोलीले दाखवलं, चंद्रपूरले दाखवलं, एका बाईनं झाडपाला देल्ला तोही खाल्ला. काही झालं नाई. सासू होती तवर टोमणे मारे, मंग सासू गेली, टोमणेही गेले. माणसानं दुसरी बायको केली असती तं कोणी काही म्हणलं नसतं, पण त्यानं केली नाई. मी एकदा त्याले म्हणली, करा तुमी दुसरी. तो म्हणे, चाय कर. असा होता.

आता तुमी हा कागद घेऊन आले भाऊ, स्थलांतराचं कारण काय म्हणून लिवलं हाये अन् पुढं बोटभर जागा ठेवली हाये. त्यात काय लिवसाल? आमच्या इथी धान होते, एकच पीक. तळ्याले पाणी हाये तवर धान, दिवाळीनंतर कापणी, बांधणी, चुरणी, अन् मंग पुसाचा महिना लागला की गावात हाताले काम नाई. पयले जंगलात जावो, सरपण आणो, मोहा वेचो. मंग वाघ वाढले. शेजारच्या गावची एक बाई सकाळी मोहा वेचाले गेली तं तिची नुसती टोपली घरी आली. तवापासून मोह्याले जायचं तं धा जणीनं मिळून जायचं अन् धा जणीनं जायचं तं वाट्याले येते किती. मंग काय करता? तिकडे खम्मम जिल्ह्यात कालवे हाये, काळी जमीन हाये, मिरची हाये. तवा आंध्र म्हणत, आता तेलंगणा म्हणतात, खम्मम तेच हाये अन् मिरची तेच हाये. आमच्या गावातून माघ महिन्यात निम्म्याच्या वर घरं निंगतात. बुढे राहतात, कुत्रे राहतात अन् शाळेचे मास्तर राहतात. परत कवा येता म्हणाल तं जयंतीच्या आत. चौदा एप्रिलले विहारात आपलं माणूस पाह्यजे, हे ठरलेलं हाये, मिरची शिल्लक असली तरी सोडून येतात.

मी पयल्यांदा गेली तं माझं वय पस्तीसच्या आसपास असन. बल्लारशाहून रेल्वेत बसलो, आमची वीस-बावीस जणाइची टोळी, बोरे, भांडे, लेकरं, कोंबडी पण होती एका बाईजवळ. टोळीची मेस्त्री लताबाई. मेस्त्री म्हणजे जी टोळी घेऊन जाते अन् तिकडल्या आसामीसंग बोलणं करते, आसामी म्हणजे शेतमालक, त्याइच्या भाषेत तसं म्हणतात. लताबाईले तेलगू येये. चांगलं येये की वाईट येये कोणाले मालूम, आमाले येतच नोतं तं आमाले ते चांगलंच वाटे.

वावराच्या धुऱ्यावर ताडपत्रीचे पाल टाकले, तीन गोट्यांची चूल मांडली, दुसऱ्या दिवशी सकाळी तोडाले लागलो. तुमी मिरचीचं वावर पाह्यलं का भाऊ? दुरून लय चांगलं दिसते, हिरव्यात लाल. आंदर गेलं की ठसका. बाया साडीवरून माणसाचं पूर्ण बाह्याचं शर्ट घालतात, डोस्क्याले, तोंडाले फडकं बांधतात, नुसते डोळे उघडे. पण बोटं उघडीच राहतात, बोटाइनंच तोडा लागते. पयल्या दिवशी आग झाली, मी म्हणली समद्याइले होते तशी मले होऊन राह्यली. दुसऱ्या दिवशी हात सुजले. तिसऱ्या दिवशी मनगटापर्यंत फोड आले अन् मूठ मिटे ना. बाकीच्या बायाइले आग होये, पण फोड नाई येत. माझ्या कातडीलेच मिरची चालत नोती. लताबाई पाहून म्हणे, तुले परत पाठवा लागते बाई. मी रडली. कामासाठी नाई रडली, खरं सांगते, समदी टोळी तिथी, माणूसही तिथी, अन् मी एकटी रिकाम्या गावात काय करू म्हणून रडली.

पण दोन दिवस मले पाठवणारं कोणी नोतं म्हणून मी पालापाशी बसून राह्यली. निंबाचं झाड होतं, त्याखाली लेकरं ठेवत. पाच होते त्या साली, दोन अंगावर पिणारे. लेकराइच्या माया कशा करत तं दुपारी वावरातून येत, हात धूत, पण मिरची पाण्यानं जाते का? पाण्यानं ती आणखी पसरते. हात धुऊन लेकरू घेतलं की लेकरू कळवळून रडे, पदर सरकवला, छातीले बोट लागलं की दूध पितानी लेकराच्या ओठाची आग होये. मंग लेकरू प्यायचंच सोडे. एका बाईचं लेकरू तसंच वाळून गेलं होतं आदल्या साली, वारलं नाई, पण वाळलं. मी तिथी बसलीच होती, माझे हात तं फडक्यात बांधलेले, आग उतरलेली होती. एक पाजणारी बाई लेकराजवळ आली तं मी म्हणली, आण इकडे, मी धरते. मी तिची चोळी सोडली, लेकरू छातीले लावलं, धरून बसली. ते लेकरू पियाले लागलं. त्याची माय हात मागं धरून बसली होती, पाठीमागं, चोरावानी, अन् लेकरू पीत होतं.

लताबाईनं ते पाह्यलं. संध्याकाळी समद्याइले बसवून म्हणे, कुसुम परत नाई जात, कुसुम मिरचीले हात नाई लावत, कुसुम लेकरं पाहते. झालं. तवापासून तेच माझं काम. आजूबाजूच्या टोळ्याइनं पाह्यलं तं त्याइनंही एक एक बाई तशी ठेवली, कोणाची बुढी सासू, कोणाची लंगडी ननंद. पण पयली मी.

त्याचे नियम होते भाऊ. मी मिरचीच्या बोऱ्यावर बसायचं नाई. दुसऱ्याचे कपडे धुवाचे नाई. भाजी मी चिराची, पण तिखट दुसरीनं टाकायचं. कोणी मले हात लावायचा नाई, अंघोळ करून आल्यावरही नाई. निजायचं तं लेकराइच्या बाजूनं मी, माया दुसऱ्या टोकाले. सकाळी लेकराइचं तोंड धुणं, शेंबूड पुसणं, हगणंमुतणं, भरवणं, समदं माझ्या हातानं. दुपारी माया येत तं रांगेनं बसत, हात मागं, मी एक एक लेकरू लावो. पयले बाया हासत, म्हणत, काय व कुसुम, आमाले गाईसारखी दोहून राह्यली का. मंग हासणं बंद झालं, सवयच झाली. समद्याइचं पोट भरे. मजुरी मिरचीतच भेटे, तं जातानी शेवटल्या दिवशी हर एक बाई आपल्या वाट्यातून एक टोपली मिरची माझ्या बोऱ्यात टाके. तोडणाऱ्या बाईइतकी मिरची माझ्या घरी ये, हात न लावता.

लेकराइले मात्र एक गोष्ट शिकवा लागे. रांगणारं लेकरू माय दिसली की धावते, तिच्या अंगाले झोंबते. तं मी काय करो, माय दुरून येतानी दिसली की म्हणो, मिरची आली, मिरची आली, हा हा, अन् तोंडानं फुंकर मारून दाखवो. लेकरं पण फुंकर मारत. धा-बारा दिवसात लेकरू शिकून जाये, माय दिसली की थांबे अन् फुंकर मारे. लय हुशार राहतात लेकरं. त्याच्यानं त्याइचे डोळे वाचत. घरी आलं, आठ-धा दिवस गेले, तेल लावलं, हात चोखे झाले, की लेकरं पुन्हा मायेकडं जात, विसरून जात. असे किती साल गेले, मी कधी त्याचा विचार केला नाई.

आता वर्षाचं सांगते. वर्षा म्हणजे माझ्या मोठ्या जावेची सून, सुधाकरची बायको. आमचं अन् त्याइचं आंगण एकच हाये, मधात नुसती काट्याची वई. पोरगी चांगली, सातवी-आठवी शिकलेली, कमी बोले, कामाले पक्की. तिची पोरगी परी आठ महिन्याची होती तवा पयल्यांदा ते दोघं आमच्या टोळीत आले. परी गोरी नाई, नाकीडोळी पण खास नाई, पण हासे लय. कोणी दिसलं की हासे. मी तिले इतराइसारखीच ठेवली, जास्ती नाई कमी नाई.

पंधरा दिवस झाले असतीन. परी नवीन नवीन धरून उभी राहाले शिकली होती, निंबाच्या बुडाले धरून उभी राह्यली अन् पडली, ओठ फुटला. मी दुसऱ्या लेकराले धूत होती, मागं. वर्षा पाणी पियाले आली होती, तिनं पाह्यलं. आता माय हाये, नवीन, पयलटकरीण, कुठचे नियम अन् कुठचं काय. धावत गेली, लेकरू उचललं अन् पोरगी रडते म्हणून तिचे डोळे पुसले. हातानं पुसले. दोन्ही डोळे. मी ओरडली तवर पुसून झाले होते. काय सांगू तुमाले, ते लेकरू असं ओरडलं की वावरातले समदे माणसं उभे राह्यले. चार दिवस डोळे उघडले नाई तिचे. आसामीनं त्याच्या गाडीवर डॉक्टरकडं नेलं, थेंब देल्ले, डोळे वाचले. पण परी मंग वर्षाकडं गेली नाई. वर्षाचा आवाज आला तरी फुंकर मारे. दूध पियाची, पण डोळे मिटून प्यायची, मायेकडं पाहे नाई. समद्या टोळीत कोणी वर्षाले काही बोललं नाई. बोलून काय करतीन, प्रत्येकीनं कवा ना कवा ते केलंच होतं, कोणी थोडं कोणी जास्ती.

घरी आलो. आठ दिवस गेले, महिना गेला. बाकीचे लेकरं मायेकडं गेले, परी नाई गेली. सकाळी उठली की वईतून माझ्या आंगणात. जेवणं माझ्याजवळ, निजणं माझ्याजवळ. गावच्या बाया हासत, म्हणत, कुसुमले लेकरू भेटलं. वर्षाही हासे. दुसऱ्या साली परी दीड वर्षाच्या वरची, पुन्हा गेलो मिरचीले, पुन्हा तेच दोन महिने. आता तिले बोलणं आलं होतं, मले आई म्हणे. अन् वर्षाले हाहा म्हणे. मायेचं नावच तिनं ते ठेवलं होतं. हाहा आली. हाहा गेली.

अन् मी काय केलं ते सांगते. हे मी कोणाले सांगतलं नाई, तुमी बाहेरचे हा, उद्या चालले जासाल, तुमाले सांगते. मले ते बरं वाटे. खोटं काऊन सांगू. वीस साल झाडपाला खाऊन जे झालं नाई ते माझ्या मांडीवर बसून मले आई म्हणून राह्यलं होतं. घरी आल्यावर वर्षाचे हात चोखे झाले होते, बेसन, तेल, ताक, समदं लावून झालं होतं, तरी मी सोडलं नाई. वर्षा वईच्या पलीकडं दिसली की मी हळूच परीच्या कानात म्हणो, मिरची आली, हा हा. पावसाळ्यात म्हणो, रोवण्याच्या चिखलात म्हणो, जवा तीन कोसात मिरची नोती तवा म्हणो. अन् पोरगी माझ्या गळ्याले मिठी मारे. मोठ्यानं कधी म्हणली नाई. हळूच म्हणो. त्याच्यावरून मले मालूम होतं की मी काय करून राह्यली ते.

दिवाळीच्या टायमाले वर्षाले पुन्हा दिवस गेले. तवा माझी जाऊ, म्हणजे वर्षाची सासू, एक दिवस दुपारी माझ्याइथी येऊन बसली. म्हणे, कुसुम, परी तं तुझीच झाली, तिले आता दुसरं होऊन राह्यलं, तू घेऊनच टाक. घरातल्या घरात हाये, पोरगी कुठी दूर चालली नाई. सुधाकर तयार हाये. बुद्धपौर्णिमेले विहारात चार माणसाइसमोर करून टाकू. मी इचारली, वर्षा काय म्हणते? जाऊ म्हणे, ते काय म्हणन, ते काही म्हणत नाई. मी हो म्हणली. एका दमात म्हणली. माझ्या माणसाले सांगतलं तं तो म्हणे, बरं हाये. पण त्या दिवशी तो बजारात गेला अन् परीसाठी लाल चपला घेऊन आला, अन् माझ्या हातात न देता परीच्या पायाजवळ ठेवल्या. त्याच्या मनात एवढं होतं हे मले तवा समजलं.

तं असं ठरलं होतं. अन् ते झालंही असतं, भाऊ. कोणी आडवं आलं नसतं.

चुरणीचे दिवस होते. मिरची सोडून आठ महिने झाले होते. मी दुपारी खळ्यावरून घरी आली पाणी न्याले, तं बोरिंगपाशी वर्षा बसलेली, पाठमोरी. मले वाटलं भांडे घासून राह्यली. जवळ गेली तं भांडे नोते. हात घासून राह्यली होती. बाजूले राख, चिचेचा कोळ, वाटीत ताक. राखेनं घासे, धुवे, कोळ लावे, घासे, धुवे, मंग हात नाकाशी नेऊन वास घेये. मंग एक बोट आपल्याच डोळ्याले लावून पाहे, आग होते का म्हणून. आठ महिन्यानं. मी तशीच उभी राह्यली. तिनं पदराले हात पुसले, उठली अन् माझ्या आंगणात गेली, परी तिथी चपला घालून खेळून राह्यली होती. वर्षा दूर बसली, उकिडवी, दोन्ही हात पुढं करून दाखवले, उलटे, सुलटे, म्हणे, पाह्य माय, काही नाई, पाह्य, काही नाई हाताले. परीनं तिच्याकडं पाह्यलं अन् फुंकर मारली.

वर्षा रडली नाई. हात खाली घेतले अन् धान पाखडाले चालली गेली.

मी पाणी न घेताच खळ्यावर गेली. माणूस म्हणे, पाणी कुठी हाये. मी म्हणली, विसरली. मले पाप लागलं, भाऊ. दुसरा शब्द माझ्याजवळ नाई. पोरीले डोळ्याची आग एकदा वर्षानं लावली, ते चुकून. मंग रोज मी लावून राह्यली होती. आता तुमी म्हणसाल, तं मंग पोरगी तिले देऊन टाकायची. कशी देता? ते का टोपली हाये? मी तिले वर्षाच्या मांडीवर नेऊन ठेवलं, दोनदा ठेवलं, तं तिनं असा आकांत मांडला की जाऊ म्हणे, काऊन लेकराले छळता, राहू द्या ना जिथी राहते तिथी. मी म्हणली, ते मिरची नाई, ते तुझी माय हाये. अडीच वर्षाच्या लेकराले काय समजते? मी दोन साल जे शिकवलं ते तिले पक्कं झालं होतं.

माघ लागला. निंगायच्या आदल्या दिवशी मी लताबाईकडं गेली. म्हणली, मेस्त्री, अवंदा मी तोडते, लेकरं वर्षा पाहीन, तिले पाचवा महिना हाये, तिले वावरात वाकणं होत नाई. लताबाई म्हणे, येडी झाली का, तुझे हात? मी म्हणली, पंधरा साल झाले, कातडी जून झाली, आता काही होत नाई. लताबाईले पटलं नाई पण पोटुशी बाईचं कारण होतं, तिनं हो म्हणलं. समद्या बायाइले ते बरोबर वाटलं. वर्षानं माझ्याकडं पाह्यलं.

पयल्या दिवशी आग, दुसऱ्या दिवशी सूज, तिसऱ्या दिवशी फोड. कातडी काही जून झाली नोती. मी फडकं गुंडाळून तोडे. तिकडे निंबाखाली वर्षा चार लेकरं पाहे, तिचे हात चोखे, लेकराइले भरवे, धुवे. बाकीचे तिच्याकडं जात, परी जाये नाई. परी धुऱ्यावर बसून राहे अन् वावराकडं पाहे, मी कवा येते म्हणून. मी दुपारी आली की धावत ये. मी ओरडो, येऊ नको, दूर हो. ती थांबेच नाई. काऊन थांबन? तिच्या हिशेबानं मिरची वर्षा होती. माझ्याकडं येतानी कधी भेवाचं कामच नोतं तिले. पाच-सहा दिवस मी असे तिचे हात चुकवले, कोणी ना कोणी तिले मधातच धरे.

सातव्या दिवशी दुपारी ती माझ्या ओळीत घुसली, झाडाझाडातून, अन् ढेकळाले अडखळून माझ्यासमोर पडली. गुडघा खरचटला. उठून बसली अन् तोंड वर केलं, दोन्ही हात वर केले, आई म्हणली. डोळ्यातून पाणी येत होतं. माझ्या हाताचं फडकं तवा ओलं होऊन सुटून गेलं होतं, बोटं उघडी होती. आजूबाजूले बाया होत्या, कोणाचं ध्यान नोतं. मी खाली बसली. अन् मी तिचे डोळे पुसले.

जाणून पुसले, भाऊ. हळूच पुसले, कोपऱ्याले, जास्ती आंदर नाई जाऊ देल्लं, तेवढं ध्यान ठेवलं. पण पुसले.

मंग जे व्हायचं ते झालं. बाया धावल्या, लताबाई ओरडली, म्हणे, पंधरा साल लेकरं पाह्यले अन् आज कशी विसरली व. मी म्हणली, विसरली. परी माझ्याकडं पाहत होती, एक डोळा मिटून, एक उघडा ठेवून, अन् मंग ती मागं सरकली, ढुंगणावर, अशी सरकत सरकत, अन् माझ्याकडं पाहून फुंकर मारली. वर्षा निंबाखालून आली, पोट धरून धावत आली. तिनं उचललं. पाण्यानं डोळे धुतले, एका लेकुरवाळीचं दूध आपल्या हातानं पिळलं डोळ्यात, ओल्या पदरानं पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं, तिच्या चोख्या हातानं. परी तिच्या खांद्यावर रडून रडून निजली. दोन दिवसात डोळे बरे झाले. मी माझ्या ओळीत परत गेली, संध्याकाळपर्यंत तोडली, दुसरं काय करता.

त्यानंतर पोरगी माझ्याकडं आली नाई. मी लपवत नाई, मी वाट पाह्यली. मनात म्हणो, नको येऊ, अन् डोळे धुऱ्याकडं. आठ दिवसानं ती वर्षाले माय म्हणाले लागली, लताबाईनंच मले येऊन सांगतलं, लय खुशीनं सांगतलं. जयंतीले घरी आलो तं जाऊ इचाराले आली, पौर्णिमेचं कसं. मी म्हणली, राहू द्या बाई, पोरगी आता माझ्याकडं येत नाई, माझ्याच्यानं होत नाई. जाऊ म्हणे, तुझ्या नशिबात नाई व कुसुम. मी म्हणली, नाई तं नाई. माझा माणूस आंगणात बसून आयकत होता. उठला अन् बाहेर चालला गेला, त्या दिवशी जेवला नाई. त्याले मी खरं कधी सांगतलं नाई. सांगाले पाह्यजे होतं, पण मंग तो मलेच काय म्हणला असता, अन् तो काही म्हणला नसता तं ते आणखीच खराब.

वर्षाले मालूम हाये की नाई हे मले आजवर समजलं नाई. तिनं इचारलं नाई. दुसरा पोरगा झाला, मंग ती मिरचीले गेली नाई, सुधाकर एकटा हैदराबादले बांधकामावर जाये. माझे हात हे असे राह्यले, पाहा, हे पांढरे डाग त्याच सालचे. मी त्यानंतर तीन साल लेकरं पाह्यले, पण मिरची आली, हा हा, हे म्हणणं सोडून देल्लं. मंग गेलीच नाई. आता टोळ्या बदलल्या, आसामी गाडी पाठवते, बाया रबरी हातमोजे घालतात, मोज्यानं देठ सुटत नाई म्हणून काढून ठेवतात, तरी घेऊन जातात. लेकरं बहुतेक बुढ्याबुढीजवळ ठेवून जातात. ते बरं की हे बरं, मले नका इचारू.

परी शिकली. गडचिरोलीले नर्सचं शिकली, होस्टेलात राहून. मागच्या महिन्यात तिले नोकरी लागली, हैदराबादले, मोठ्या दवाखान्यात. म्हणजे तेही तिकडेच गेली, तुमच्या कागदात तिचं नाव येते का पाहा. निंगायच्या दिवशी वर्षा तिची बॅग घेऊन वईपाशी उभी होती. परी माझ्या पाया पडाले आली, आजी म्हणते मले. मी तिच्या डोस्क्यावर हात ठेवला, म्हणली, सुखाची राह्य, दवाखान्यात लोकाइचे हाल पाहून जेवण सोडू नको, अन् मायेले रोज फोन करत जाय. ती हासली, लहानपणी हासे तशीच. मंग म्हणे, आजी, एक सांगू का, राग नका धरू, मले लहानपणी तुमचं लय भेव लागे, काऊन लागे ते मले मालूम नाई, तुमी तं कधी रागावल्याही नाई. मी म्हणली, मले पण मालूम नाई बेटा. जाय, माय उभी हाये तुझी, गाडी येऊन राह्यली.